संशोधनाच्या दारातील अर्ज

भोपाळहून इटारसीकडे जाणारी आगगाडी मंडीदीपवरून जाते. रायसेन जिल्ह्यातील हे गाव आज कारखान्यांचे गाव म्हणून ओळखले जाते. याच लोहमार्गाने थोडे पुढे गेले की विंध्याच्या टेकड्यांत भीमबेटकाचे प्रचंड खडक दिसू लागतात. १९५७ साली विष्णु श्रीधर वाकणकर नावाचे एक मराठी चित्रकार या गाडीतून जात होते. खिडकीतून त्या खडकांची ठेवण त्यांनी पाहिली, तिच्यात आदिमानवाच्या वस्तीची शक्यता त्यांना जाणवली, आणि पुढे तेथे जाऊन त्यांनी रंगवलेल्या गुहांचा शोध लावला, ही हकीकत आता सर्वश्रुत आहे. वाकणकर मूळचे नीमचचे. पुढे उज्जैन ही त्यांची कर्मभूमी झाली. भीमबेटका २००३ साली जागतिक वारसास्थळांच्या यादीत गेले.

या हकीकतीचा उत्तरार्ध मात्र फारसा सांगितला जात नाही. शोध १९५७ चा. परंतु भारतातील चित्रित शैलाश्रयांवरील प्रबंधाबद्दल पुणे विद्यापीठाची पीएच.डी. ही पदवी वाकणकरांना मिळाली ती १९७३ साली, डेक्कन कॉलेजचे हसमुख धीरजलाल सांकलिया यांच्या मार्गदर्शनाखाली. त्या वेळी वाकणकरांनी पन्नाशी ओलांडली होती. म्हणजे काम आधी झाले आणि पदवी सोळा वर्षांनी त्याच्या मागून आली.

सर्वांच्या नशिबी असा क्रम नसतो. इतिहासाला वा चित्रकलेला टेकड्या उघड्या असतात. रसायनशास्त्राला, पदार्थविज्ञानाला, यंत्रशास्त्राला प्रयोगशाळा लागते, आणि प्रयोगशाळेला दार असते. मंडीदीपच्या एखाद्या कारखान्यात मालाची परीक्षा करणारा एम.एससी. झालेला तरुण किंवा बी.ई. झालेली तरुणी जेव्हा विचारते की, संशोधनाला जागा कोठे मिळेल आणि अर्ज कसा करावा, तेव्हा तिच्या प्रश्नामागे सुमारे शंभर वर्षांचा इतिहास उभा असतो. त्या दारावर कोण उभे होते, कोणाला आत घेतले आणि कोणाला परत पाठवले, हे पाहिले म्हणजे आजच्या नियमांचाही अर्थ कळतो.

पीएच.डी. ही पदवी मुळात जर्मनीची. एकोणिसाव्या शतकात गीसेन येथे लीबिग या रसायनशास्त्रज्ञाने विद्यार्थ्यांना आपल्या प्रयोगशाळेत घेऊन, त्यांच्याकडून नवे काम करवून शिकवण्याची पद्धत रूढ केली. गुरूच्या शेजारी उभे राहून शिकायचे, आणि शेवटी जगाला ठाऊक नसलेली एखादी गोष्ट, लहान का होईना, स्वतः दाखवून द्यायची, असा तिचा गाभा. अमेरिकेत येल विद्यापीठाने १८६१ मध्ये ही पदवी देण्यास आरंभ केला. इंग्लंडने मात्र फार उशीर केला. ऑक्सफर्डने ती १९१७ मध्ये स्वीकारली आणि केंब्रिजने महायुद्ध संपल्यावर. हिंदुस्थानातील विद्यापीठे इंग्लंडच्या नमुन्यावर उभारलेली असल्यामुळे येथे संशोधनाच्या पदवीचा प्रवेश त्याहून मागाहून झाला. परीक्षा घेणे हेच आपले मुख्य काम, असे आमची विद्यापीठे बराच काळ मानत राहिली.

अशा काळात बंगलोरची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स ही संस्था अगदी वेगळी होती. जमशेटजी टाटांची ही कल्पना. त्यांचे देहावसान १९०४ मध्ये झाले, संस्था १९०९ मध्ये स्थापन झाली आणि विद्यार्थी १९११ मध्ये आले. लोक तिला टाटा इन्स्टिट्यूट म्हणत. पदवी देण्याचा अधिकार तिला १९५८ पर्यंत नव्हता. काम बंगलोरला करावयाचे आणि प्रबंध मुंबई, मद्रास अशा एखाद्या विद्यापीठाकडे पाठवावयाचा, अशी रीत होती. त्यामुळे अर्जदाराला दोन दारे ओलांडावी लागत: एक काम करण्याचे, दुसरे पदवीचे. ही दोन्ही दारे एकाच किल्लीने उघडत नसत, ही गोष्ट पुढे एका विदुषीला फार महागात पडली. ती हकीकत पुढे येईलच.

१९३३ साली या संस्थेकडे मुंबईहून एक अर्ज गेला. अर्ज करणाऱ्या कमला नारायण भागवत यांचा जन्म १९११ चा, इंदूरचा. ज्येष्ठ लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या भगिनी. माळव्यातील मराठी घरांत विद्येची जी परंपरा होती तिच्यात हे घर बसते. परंतु येथे आणखी एक विशेष होता. वडील नारायणराव आणि चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ, आणि दोघेही बंगलोरच्या याच टाटा इन्स्टिट्यूटचे माजी विद्यार्थी. मुलीने मुंबई विद्यापीठाची बी.एससी. रसायन आणि पदार्थविज्ञान हे विषय घेऊन उत्तम गुणांनी मिळवली. मग ज्या संस्थेत वडील आणि काका शिकले तेथे आपण जावे, यापेक्षा अधिक स्वाभाविक काय असू शकते?

अर्ज नामंजूर झाला. कारण एवढेच, की अर्जदार स्त्री आहे.

संस्थेचे संचालक होते चंद्रशेखर वेंकट रामन. संचालकपदी येणारे ते पहिले भारतीय, आणि १९३० चे नोबेल पारितोषिक मिळवलेले. देशभर त्यांच्या नावाचा जयजयकार होता. भागवत पितापुत्री बंगलोरला गेली, संचालकांना भेटली. तरी नकार कायम राहिला. मुलींना घ्यावयाचे नाही, हे त्यांचे ठाम मत होते. तेव्हा कमलाबाईंनी नकाराचे कारण विचारले आणि त्या तेथून हलावयास तयार झाल्या नाहीत. गांधीजींच्या सत्याग्रहाचे ते दिवस होते; तेच अस्त्र या तरुणीने संचालकांच्या दारात वापरले, असे या प्रसंगाचे वर्णन केले जाते. प्रवेश द्यावा, आपण हा अभ्यासक्रम विशेष गुणवत्तेने पुरा करून दाखवू, असे तिचे म्हणणे होते.

शेवटी रामन यांनी प्रवेश दिला, पण अटींवर. पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून नव्हे, तर उमेदवारीचे. त्या वर्षाचे काम संचालकांच्या पसंतीस उतरले तरच पुढचा विचार. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्री-अपरात्रीसुद्धा, काम करावे लागेल. आणि तिच्या वावरण्याने प्रयोगशाळेतील पुरुष विद्यार्थ्यांचे लक्ष विचलित होता कामा नये. या शेवटच्या अटीचा मासला पाहण्यासारखा आहे. लक्ष विचलित होणार दुसऱ्याचे, आणि त्याची जबाबदारी हिच्यावर. कमलाबाईंनी अटी मान्य केल्या. परंतु तो अपमान त्या कधी विसरल्या नाहीत. पुढे कित्येक दशकांनी, वयोवृद्ध झाल्यावर, त्यांनी जाहीरपणे रामन यांच्या या वागण्याविषयी स्पष्ट शब्दांत बोलून दाखवले. शास्त्रज्ञ म्हणून थोर, पण याबाबतीत संकुचित, असा त्यांचा अभिप्राय होता.

येथे क्षणभर थांबून रामन यांच्याच पूर्वायुष्याकडे पाहिले पाहिजे, कारण त्याशिवाय या प्रसंगातील विसंगती ध्यानात येत नाही. १९०७ मध्ये रामन कलकत्त्यास सरकारी हिशेब खात्यात अधिकारी म्हणून आले. बहूबाजार रस्त्यावर इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेची पाटी त्यांच्या दृष्टीस पडली आणि ते आत गेले. संस्थेचे अमृतलाल सरकार यांनी या अपरिचित तरुण अधिकाऱ्याला प्रयोगशाळा खुली करून दिली. पुढची दहा वर्षे रामन कचेरीच्या आधी आणि नंतर तेथे काम करीत राहिले. १९१७ मध्ये कलकत्ता विद्यापीठात पालित प्राध्यापकपद त्यांना देऊ करण्यात आले, तेव्हा त्या पदासाठी परदेशातील शिक्षणाची अट होती. रामन यांनी परदेशी जाण्याचे नाकारले, आणि सर आशुतोष मुखर्जी यांनी ती अट त्यांच्यापुरती शिथिल करविली. ज्यांच्यासाठी एकाने दार उघडले आणि दुसऱ्याने नियम बाजूला ठेवला, त्याच पुरुषाने सोळा वर्षांनंतर एका मुलीपुढे दार लावून घेतले. मोठ्या माणसांच्या चरित्रांतील अशा जागा आपण बहुधा गाळून वाचतो. त्या गाळू नयेत.

बंगलोरला कमलाबाईंना मार्गदर्शक मिळाले ते श्रीनिवासय्या. शिस्तीला कडक, पण शिकवण्यात हातचे राखून न ठेवणारे. दूध, कडधान्ये आणि डाळी यांतील प्रथिनांवर त्यांनी काम केले. विषयाची ही निवड किती अर्थपूर्ण होती, हे सांगावयास नको. ज्या देशातील बहुसंख्य लोकांच्या आहारात डाळ असते त्या देशात डाळीचा अभ्यास करणे हे खरे देशकार्य होय. वर्ष संपले, संचालकांचे समाधान झाले, आणि त्यांना नियमित विद्यार्थिनी म्हणून घेण्यात आले. १९३६ मध्ये मुंबई विद्यापीठाने त्यांना विशेष गुणवत्तेसह एम.एससी. दिली. आणि मुख्य गोष्ट अशी, की यानंतर रामन यांनी संस्थेत मुलींना घेण्यास आरंभ केला. एका वर्षाच्या उमेदवारीने केवळ एका विद्यार्थिनीचा नव्हे, तर तिच्यामागून येणाऱ्या सर्वांचा निकाल लावला. एका अर्जदारावर असा भार पडणे न्याय्य नव्हते. पण तो पडला आणि त्यांनी तो वाहिला, हे खरे.

१९३७ च्या अखेरीस कमला भागवत केंब्रिजला पोहोचल्या. तेथे अडचण निराळी होती. प्रवेशाची मुदत उलटून गेली होती आणि प्रयोगशाळेत जागा नव्हती. जीवरसायनशास्त्राचे प्रमुख होते सर फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स, जीवनसत्त्वांवरील कामाबद्दल १९२९ चे नोबेल मिळवलेले. त्यांनी मुदतीचा बाऊ केला नाही. कोणी आपल्या जागेत सामावून घेत असेल तर ही मुलगी येऊ शकेल, अशी त्यांची भूमिका. डेरेक रिक्टर नावाच्या संशोधकांनी आपले टेबल दिवसा वापरण्यास दिले. रात्री ते स्वतः त्याच टेबलावर झोपत असत, असे सांगतात. बंगलोरला जागा होती आणि मन नव्हते. केंब्रिजला जागा नव्हती आणि मन होते.

रिक्टर दुसरीकडे गेल्यावर कमलाबाई रॉबिन हिल यांच्याकडे काम करू लागल्या. वनस्पतींच्या प्रकाशसंश्लेषणातील एक महत्त्वाची क्रिया ज्यांच्या नावाने ओळखली जाते तेच हे हिल. त्यांच्याकडे बटाट्यावर काम करताना कमलाबाईंना वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी हे द्रव्य असल्याचे आढळले. पेशी प्राणवायूचा उपयोग करून ऊर्जा मिळवते तेव्हा इलेक्ट्रॉन एका द्रव्यावरून दुसऱ्यावर सोपवले जातात. त्या साखळीतील हा एक दुवा. प्राण्यांच्या श्वसनात त्याचे स्थान आधी ज्ञात होते. वनस्पतीही त्याच मार्गाने श्वसन करतात, असे या कामातून पुढे आले. केंब्रिजला आल्यापासून सुमारे चौदा महिन्यांत प्रबंध पुरा झाला. त्याची पृष्ठे होती चाळीस. हजार पानांचे बाड बांधून विद्वत्ता सिद्ध करू पाहणाऱ्यांनी या आकड्याकडे जरूर पाहावे.

१९३९ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. विज्ञानात ही पदवी मिळवणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. अर्थात जानकी अम्मल यांना मिशिगन विद्यापीठाने १९३१ मध्येच वनस्पतिशास्त्रातील डी.एससी. दिली होती, आणि भारतातल्या भारतात विज्ञानाची डॉक्टर ही पदवी असीमा चटर्जी यांना कलकत्ता विद्यापीठाने १९४४ मध्ये दिली; तेव्हा पहिलेपणाचा वाद घालण्यात फारसा अर्थ नाही. कमलाबाई त्याच साली परत आल्या. दिल्लीचे लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालय, कुन्नूरची पोषण संशोधन प्रयोगशाळा असा प्रवास करून, १९४७ मध्ये विवाह झाल्यावर, कमला सोहोनी म्हणून त्या मुंबईस आल्या आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या. तेथे त्यांनी विद्यार्थी घेतले. कडधान्ये, नीरा, गरिबांच्या आहारातील स्वस्त पदार्थ, असे त्यांचे विषय. नीरेवरील कामाबद्दल त्यांना राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले. त्या संस्थेच्या संचालिकाही झाल्या. पूर्वी संचालकांच्या दाराबाहेर उभ्या राहिलेल्या स्त्रीकडे एका संस्थेचे दार आले होते. १९९८ मध्ये त्यांचे निधन झाले.

आता ती दुसरी हकीकत. अन्ना मणी या केरळच्या, मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून पदार्थविज्ञानाची ऑनर्स पदवी घेऊन १९४० मध्ये बंगलोरला रामन यांच्याच प्रयोगशाळेत संशोधनासाठी आल्या. कमलाबाईंनी ढकलून उघडलेले दार तोवर उघडे होते. हिरे आणि माणके यांच्या प्रकाशाचा वर्णपट घेण्यासाठी तासन् तास काच-पट्ट्यांवर छायाचित्रे घ्यावी लागत. त्या रात्र-रात्र प्रयोगशाळेत राहत. १९४२ ते १९४५ या काळात त्यांचे स्वतःच्या एकटीच्या नावाने पाच निबंध प्रसिद्ध झाले. १९४५ मध्ये त्यांनी प्रबंध मद्रास विद्यापीठाकडे पाठवला. विद्यापीठाने पदवी नाकारली. कारण? अर्जदाराजवळ एम.एससी. नाही.

प्रबंधात दोष आहे असे कोणी म्हटले नाही. निबंध छापून आले होते, काम झाले होते, कागद नव्हता. बंगलोरला एका माणसाच्या मताने कमलाबाईंना अडवले. मद्रासला कोणाचे मतच नव्हते, फक्त नियम होता, आणि त्या नियमाने अन्ना मणींना अडवले. नियम आला म्हणजे अन्याय गेला, असे समजणाऱ्यांनी या दोन घटना शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. माणसाशी भांडता येते, त्याच्या दारात बसता येते, त्याचे मत पालटवता येते. नियमाच्या दारात बसून उपयोग नसतो. त्याला पालटवणारा एखादा आशुतोष मुखर्जी हवा असतो, आणि मद्रासला तसा कोणी पुढे आला नाही. अन्ना मणी सरकारी शिष्यवृत्तीवर इंग्लंडला गेल्या, हवामानाची उपकरणे बनवण्याचे शास्त्र शिकल्या, आणि १९४८ मध्ये पुण्याच्या हवामानखात्यात रुजू झाल्या. पुढे देशभर सूर्यप्रकाश आणि वारा मोजणारी केंद्रे उभारण्याचे मोठे काम त्यांच्या हातून झाले. डॉक्टर ही पदवी त्यांना कधीच मिळाली नाही. तो न स्वीकारलेला प्रबंध बंगलोरच्या रामन संशोधन संस्थेत जपून ठेवलेला आहे.

अभियांत्रिकीचा इतिहास थोडा निराळा आहे. अभियंत्याला पदवी हाती येताच नोकरी मिळत असे. मग संशोधनाच्या तुटपुंज्या वेतनावर आणखी चार वर्षे काढावयाची कोणी? त्यामुळे येथे दार बंद असण्यापेक्षा दाराशी येणारेच थोडे, अशी स्थिती पुष्कळ वर्षे होती. मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रशास्त्राचा विभाग, ज्याला सारे यूडीसीटी म्हणत, १९३३ मध्ये, म्हणजे कमलाबाईंच्या अर्जाच्याच साली, सुरू झाला. १९६४ मध्ये केंब्रिजहून डॉक्टर होऊन आलेले मनमोहन शर्मा तेथे अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी प्राध्यापक झाले. त्यांच्याकडे आलेल्या विद्यार्थ्यांत गोव्यातील माशेलचे रघुनाथ माशेलकर होते. लहानपणी वडील गेले, आईने मुंबईत कष्ट करून वाढवले. शालान्त परीक्षेत बोर्डाच्या गुणवत्ता यादीत येऊनही शिक्षण सोडण्याची पाळी आली होती. सर दोराबजी टाटा ट्रस्टने महिना साठ रुपये दिले, म्हणून ते पुढे शिकले. १९६९ मध्ये शर्मांच्या हाताखाली त्यांनी पीएच.डी. पुरी केली आणि पुढे देशाच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे ते महासंचालक झाले. दाता, गुरू आणि विद्यार्थी ही तीन माणसे वेळेवर भेटली नसती तर काय झाले असते, हा प्रश्न त्यांच्या चरित्रात पदोपदी येतो.

पैशाचा हा प्रश्न जुनाच आहे. जमशेटजींनी १८९२ मध्येच हुशार विद्यार्थ्यांना परदेशी उच्च शिक्षणासाठी कर्जाऊ शिष्यवृत्ती देणारा निधी काढला होता, आणि तो आजही चालू आहे. परंतु दात्याच्या दयेवर संशोधन उभे राहू शकत नाही, हे स्वातंत्र्यानंतर हळूहळू मान्य झाले. आज परिषदेची किंवा विद्यापीठ अनुदान आयोगाची राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण होऊन अधिछात्रवृत्ती मिळाली, तर २०२३ च्या वाढीनंतर पहिली दोन वर्षे महिना सदतीस हजार आणि पुढे बेचाळीस हजार रुपये मिळतात. अभियंत्यांसाठी गेट ही परीक्षा आहे. साठ रुपयांपासून येथवरचा पल्ला लहान नाही. मात्र ही रक्कम महिन्याच्या महिन्याला येतेच असे नाही, ही तक्रार संशोधक विद्यार्थ्यांच्या तोंडी नेहमी असते, आणि ती खोटी नाही.

मंडीदीपच्या तरुणाला आता दूर जावे लागत नाही. भोपाळमध्ये १९६० मध्ये सुरू झालेले मौलाना आझाद तंत्रविद्यालय आज राष्ट्रीय तंत्रशास्त्र संस्था आहे. १९८१ पासून धातू आणि नव्या पदार्थांवर काम करणारी परिषदेची प्रयोगशाळा आहे. २००८ पासून विज्ञान शिक्षण व संशोधनाची आयसर ही संस्था आहे. इंदूरला २००९ पासून आय.आय.टी. आहे. ज्या इंदूरच्या मुलीला १९३३ मध्ये बंगलोर गाठावे लागले, त्याच इंदूरला आज रसायनशास्त्रात डॉक्टर होता येते.

तथापि दारे वाढली म्हणून अर्ज करण्याची विद्या सोपी झाली असे नाही. पुष्कळ तरुण संस्थेचे नाव पाहून अर्ज करतात. पाहावयाचे असते माणूस आणि प्रश्न. श्रीनिवासय्यांकडे डाळीचा प्रश्न होता, हिल यांच्याकडे वनस्पतींचा, शर्मांकडे वायू आणि द्रव यांच्या परस्परक्रियेचा. ज्याच्याकडे काम करावयाचे त्याचे दोन-तीन निबंध वाचावेत, त्यांतील एखादी शंका घेऊन एक पानाचे पत्र लिहावे, आपण काय करून पाहिले आहे ते साध्या शब्दांत सांगावे. शंभर प्राध्यापकांना एकच मजकूर पाठवणाऱ्याला उत्तर येत नाही, आणि येऊही नये. कारखान्यात दोन वर्षे काम केलेल्याने ती वर्षे वाया गेली असे मानू नये. यंत्र कोठे अडते, माल कोठे बिघडतो, हे ज्याने पाहिले आहे त्याच्याजवळ प्रश्न आधीच असतो. परदेशात जावयाचे तर देशोदेशीची रीत समजून घ्यावी. जर्मनी, हॉलंड, स्वीडन येथे पीएच.डी. ही बहुधा पगारी नोकरी असते आणि नोकरीसारखीच तिची जाहिरात येते. अमेरिकेत विभागाकडे अर्ज करून प्रवेश मिळतो आणि गुरू पुष्कळदा नंतर ठरतो. इंग्लंडमध्ये प्रवेश एकीकडे आणि शिष्यवृत्ती दुसरीकडे, आणि एक मिळून दुसरी न मिळाल्याने घरी बसलेले कितीतरी आहेत.

आयोगाच्या २०२२ च्या नियमांनी काही गोष्टी लेखी केल्या आहेत. एका प्राध्यापकाकडे एका वेळी आठांहून अधिक संशोधक असू नयेत, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा, सहायकाकडे चार. किमान मुदत तीन वर्षे, कमाल सहा. स्त्रियांना त्यावर दोन वर्षे अधिक, आणि प्रसूतीसाठी वा बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा. चार वर्षांची पदवी पंचाहत्तर टक्के गुणांनी मिळवणारालाही आता एम.एससी. न करता अर्ज करता येतो. अन्ना मणींना जे आडवे आले ते कलम असे सत्त्याहत्तर वर्षांनी सैल झाले. आय.आय.टी., आयसर यांचे नियम त्यांचे स्वतःचे असतात, ते वेगळे पाहावे लागतात.

परीक्षा आली तरी मुलाखत गेलेली नाही. राष्ट्रीय परीक्षेच्या गुणांवर जेथे विद्यापीठे प्रवेश देतात, तेथे २०२४ पासून सत्तर भाग परीक्षेला आणि तीस भाग मुलाखतीला, असे प्रमाण आयोगाने ठरवले आहे. तीस भाग म्हणजे थोडे नव्हेत. यादीत वर असलेला खाली आणि खालचा वर जाण्यास ते पुरेसे आहेत. मुलाखतीला वाईट म्हणता येत नाही, कारण हॉपकिन्स यांनी जे ओळखले ते कोणत्याही प्रश्नपत्रिकेने ओळखले नसते. आणि मुलाखतीवर विसंबताही येत नाही, कारण रामन यांनी जे केले तेही मुलाखतीतच केले. लग्न केव्हा करणार, मूल झाल्यावर प्रयोग कोण पाहणार, हे प्रश्न आजही मुलींना विचारले जातात.

कमला भागवतांनी नकाराचे कारण विचारले तेव्हा त्यांना ते तोंडावर सांगण्यात आले होते. आज २००५ चा माहितीच्या अधिकाराचा कायदा आहे, आणि तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा परीक्षार्थीचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये मान्य केला आहे. लेखी परीक्षेत कोठे चुकले ते त्यामुळे पाहता येते. मुलाखतीच्या खोलीत काय घडले याची नोंद बहुधा एका आकड्यापुरतीच असते.